तरुण चालक व जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी

आमच्या वार्षिकाच्या मराठी विभागांत विद्याभ्यास, सदाचार, खेळ, प्रवास इत्यादि विषयांवर लेख येत असतात. त्यांत मोटारगाडीच्या खरेदीची चर्चा पाहून कित्येक वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांचीं मुलें शेवटच्या इयत्तांत आहेत त्या पालकांस विचारलें असतां असें दिसून येईल कीं, मुलाचें अठरावें वर्ष जवळ येऊं लागलें म्हणजे घरांत जे वाद निघतात त्यांत गाडीचा वाद आतां पहिल्या पंक्तीस येऊन बसला आहे. आणि त्यांतही साधी गाडी नको, जिच्या चारही चाकांस इंजिनाची ओढ मिळते अशी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच पाहिजे, असा मुलांचा हट्ट असतो. नवी गाडी घेण्याची ऐपत थोड्यांचीच. म्हणून जुन्या गाडीचा शोध सुरू होतो. आणि ज्या विषयांत बाप अनभिज्ञ, मुलगा उतावळा व विकणारा निष्णात, त्या विषयांत व्यवहार जसा व्हावयाचा तसाच होतो. यांत केवळ पैसा बुडतो असें नव्हे, जीवही धोक्यांत येतो. यास्तव आमचें मत आम्ही येथें स्पष्टपणें मांडीत आहों.

प्रथम गरजेचा विचार करूं. कोंकणांतील जांभ्या दगडाच्या चढणीवरील वाडी, मावळांतील डोंगरकुशीचें खेडें, जव्हार-मोखाड्याकडील पाडे, किंवा देशावरील काळ्या मातींतून जाणारी शेतवाट, अशा ठिकाणीं आषाढ-श्रावणांत शेवटचा कोस-अर्धा कोस रस्ता कसा असतो हें तेथें राहणारास सांगावयास नको. चढावर मागचीं चाकें नुसतीं फिरूं लागतात, चिखल उडतो, गाडी जागची हलत नाहीं. अशा वेळीं पुढच्या चाकांसही ओढ मिळाली तर ती पुष्कळदां चढून जाते. ज्या घरचें दूध, भाजी व प्रसंगीं आजारी माणूस याच वाटेनें न्यावें लागतें, त्या घरानें अशी गाडी घेणें ही चैन नव्हे. उलट ज्यांचें घर डांबरी रस्त्यावर आहे व ज्यांना वर्षांतून एकदां महाबळेश्वरास जावयाचें आहे, त्यांनीं ती घेऊं नये असें आम्हांस वाटतें. तिला तेल जास्त लागतें, टायर महाग पडतात, आणि साध्या गाडीस जेथें एक डिफरन्शियल तेथें हिला दोन, शिवाय मध्यें ट्रान्स्फर केस, असा बिघडण्याजोगा भाग अधिक असतो. बुरूज बांधूं पाहणारानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा प्रभु येशूचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. तो गाडीसही लागू पडतो.

परंतु खर्चाहून मोठी गोष्ट निराळीच आहे. चार चाकांची ओढ असली म्हणजे गाडी चारपट सुरक्षित झाली, असा एक समज तरुणांत व पालकांतही सर्वत्र पसरलेला दिसतो; तो साफ खोटा आहे. इंजिनाची ओढ चारही चाकांत वांटली जाते, एवढाच या योजनेचा अर्थ. ती गाडीला चालावयास मदत करते, थांबावयास नव्हे. ब्रेक तर अगदीं साध्या गाडीच्याही चारही चाकांना असतात. आणि ओल्या रस्त्यावर गाडी कोठें थांबेल हें टायरची पकड व गाडीचा वेग हींच ठरवितात. ताशीं ४० किलोमीटरच्या ठिकाणीं ८० किलोमीटर वेग झाला, तर ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट होत नाहीं, सुमारें चौपट होतें. येथें फोर-व्हील-ड्राइव्ह कांहींच करूं शकत नाहीं. इतकेंच नव्हे, तर तिच्यामुळें एक सूचना चालकास मिळेनाशी होते. साध्या गाडींत रस्ता निसरडा झाला कीं वेग देतांना चाक घसरतें व चालक सावध होतो. चारही चाकें ओढीत असतां ती घसरण जाणवत नाहीं, आणि रस्ता निसरडा आहे हें त्याला प्रथम कळतें तें वळणावर अगर ब्रेक लावतांना. मृगाच्या पहिल्या सरींत घाटाच्या रस्त्यावर सांडलेलें तेल व धूळ यांचा जो राप होतो, त्यावर हें किती महागांत पडेल याचा विचार करावा. त्यांत या गाड्या उंच असतात व पुष्कळशा आंखूडही असतात. वळणावर एकदम चाक फिरविलें तर बुटक्या गाडीपेक्षां त्या लवकर उलटतात. उतारावर लो गिअरमध्यें इंजिनाच्या धाकानें हळूहळू उतरतां येतें, हा मात्र या यंत्राचा खरा व मोठा गुण आहे. दुर्दैवानें तरुणांस तो सर्वांत कमी आकर्षक वाटतो.

येथेंच वयाविषयींही बोललें पाहिजे. गांवांतल्या गांवांत, शेतापर्यंत, देवळापर्यंत किंवा चर्चपर्यंत चालविली तर काय झालें, असें म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातीं गाडी देणारे पालक आम्हांस ठाऊक आहेत. कायद्यानें मोटारगाडी चालविण्यास अठरा वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत जी दुरुस्ती झाली तिच्या अन्वयें, अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाहीं, अशी तरतूद आहे. ज्या मुलाच्या लाडासाठीं हें केलें त्यालाच ऐन उमेदीच्या वयांत हात बांधून बसावें लागेल.

आतां गाड्यांकडे वळूं. चारही चाकांची ओढ देण्याचे प्रकार मुख्यतः दोन. एकांत दांडा ओढून पुढचीं चाकें जोडावीं लागतात. जोडल्यावर पुढचा व मागचा आंस एकाच वेगानें फिरतो. चिखलांत हें ठीक. पण कोरड्या डांबरावर वळतांना पुढच्या व मागच्या चाकांस सारखें अंतर कापावयाचें नसतें, आणि चिखलांत जें चाक थोडें घसरून हा फरक भरून काढतें तें डांबरावर घसरत नाहीं, म्हणून सारा ताण दांत्यांवर येतो. जीप, जिप्सी, थार व जिम्नी या सर्व याच जातीच्या. दुसऱ्या प्रकारांत गाडी स्वतःच जरुरीप्रमाणें दुसऱ्या आंसास ओढ देते. २०१४ सालीं निघालेल्या डस्टरच्या फोर-व्हील-ड्राइव्ह नमुन्यांत ही सोय होती. हिला लो गिअर नाहीं, त्यामुळें अति बिकट चढावर ती कमी पडेल. परंतु नवशिक्याच्या चुकीनें दांते तुटण्याचें भय यांत कमी असतें.

जीपवर मराठी माणसाचें प्रेम आहे आणि तें सकारण आहे. दुसऱ्या महायुद्धांत विलिसनें बनविलेली ही गाडी १९४७ पासून मुंबईंत जोडली जाऊं लागली, आणि महिंद्रांची सारी मोटार-परंपरा तिच्यापासूनच निघाली. १९८५ च्या अखेरीस आलेली मारुतीची जिप्सी वजनानें हलकी व काटक; तिनें डोंगर जितके पाहिले तितके फार थोड्या गाड्यांनीं पाहिले असतील. या गाड्या कोणत्याही तालुक्याच्या गांवीं दुरुस्त होतात, सुटे भाग मिळतात, हें सर्व मान्य. तथापि पहिली गाडी म्हणून तरुणाच्या हातीं त्या देऊं नयेत असेंच आम्ही म्हणूं. जिप्सींत, जुन्या जीपमध्यें व २०१० ते २०२० मधील पहिल्या थारमध्यें धडकेच्या वेळीं फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या नाहींत. त्यांच्या मागच्या भागांत बहुधा समोरासमोर आडवीं बांकें असतात, आणि तरुण चालकाच्या मागें त्या बांकांवर कोण बसतें? त्याचे मित्र, चौघांच्या जागीं सहा. अपघातांत प्रथम बाहेर फेकले जातात ते हेच.

यास्तव ज्यांची पिशवी जड आहे त्यांनीं जून २०२३ नंतरची जिम्नी जुन्या बाजारांत शोधावी. तिच्या सर्व नमुन्यांत सहा हवेच्या पिशव्या व घसरण सांवरणारी योजना आहे, आणि इंजिनाची शक्ति शंभर अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे तरुणास पुरेशी व मोह पाडण्यास अपुरी, अशी आहे. ऑक्टोबर २०२० मध्यें आलेली दुसरी थार भक्कम आहे. ग्लोबल एनकॅपच्या धडक-परीक्षेंत तिला पांचांपैकीं चार तारे मिळाले. परंतु तिचें पेट्रोल इंजिन सुमारें दीडशें अश्वशक्तीचें आहे, आणि अठरा वर्षांच्या मुलास इतकी शक्ति कशाला हवी हें आम्हांस समजत नाहीं. शिवाय जानेवारी २०२३ पासून हुबेहूब तशीच दिसणारी केवळ मागचीं चाकें ओढणारी थारही विकली जाऊं लागली, हें लक्षांत ठेवून दांडा व कागद दोन्ही पाहावे. बोलेरो व स्कॉर्पिओ यांच्या बाबतींतही हीच सावधगिरी हवी. डस्टर घ्यावयाची तर डिझेल इंजिनाचा टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला होता याची पावती मागावी. तो तुटला तर इंजिनच हातचें जातें.

सजविलेल्या गाडीपासून मात्र दूर राहावें. उंची वाढविलेली, बाहेर आलेल्या मोठ्या टायरांची, छपरावर दिव्यांची माळ लाविलेली गाडी मुलांस पाहतांक्षणीं आवडते. पण उंची वाढली कीं उलटण्याचें भय वाढतें, मोठ्या टायरांनीं ब्रेक व स्टिअरिंग यांवर भार पडतो, आणि कारखान्यानें ठरविलेल्या रचनेविरुद्ध असे फेरफार करतां येत नाहींत असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें सांगितलें आहे. अशा गाडीच्या पहिल्या मालकानें ती कशी चालविली असेल हें तिच्या दर्शनी रूपावरूनच ओळखावें. धुळकट, साधी, पावत्यांची चळत जपून ठेवणाऱ्या एखाद्या वयस्क गृहस्थाची गाडी मिळाली, तर दोन पैसे जास्त देऊनही ती घ्यावी.

गाडी पाहावयास सकाळीं, विकणारानें इंजिन गरम करण्यापूर्वीं जावें व ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा; विकणारानें सुचविलेला नव्हे. थंड इंजिन चालू करतांना निळा धूर निघाला तर आंत ऑइल जळत आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आंत शिरत असावें. ऑइलचें झांकण उघडल्यावर आंत दुधाळ साय दिसली तर तेथूनच परत फिरावें. मग चटई टाकून गाडीखालीं शिरावें. हें काम मुलाकडूनच करून घ्यावें, त्यांत त्याचें शिक्षणही होतें. चेसिसवर नव्या काळ्या रंगाचा जाड थर दिसला कीं त्याखालीं गंज आहे असें समजून तेथें स्क्रूड्रायव्हरनें ठोकून पाहावें; समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत वाढलेल्या गाड्यांत हा रोग फार. पाटे तुटलेले नाहींत ना, दोन्ही डिफरन्शियल व ट्रान्स्फर केस यांतून तेल गळत नाहीं ना, हें पाहावें. चारही टायर एकाच मापाचे व सारखेच झिजलेले हवेत, कारण लहानमोठ्या टायरांनीं दांत्यांवर नाहक ताण पडतो. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल असली तरी म्हातारा टायर पावसांत पकड धरीत नाहीं.

त्यानंतर मोकळ्या मातीच्या मैदानांत फोर-व्हीलचा दांडा टाकून गाडी सरळ चालवावी, लो गिअरही टाकून पाहावा. जिप्सीसारख्या गाडींत पुढच्या चाकांच्या मध्यावरील कळही हातानें फिरवावी लागते. वर्षानुवर्षें न फिरविल्यामुळें ती पुष्कळदां जाम झालेली असते. दांडा आपोआप सुटत असेल किंवा खडखड आवाज येत असेल तर ज्यासाठीं गाडी घ्यावयाची तोच भाग निकामी आहे. दांडा काढतांना अडला तर गाडी थोडी मागें घ्यावी. तेवढ्यानें सुटला तर तो दोष नव्हे.

पुराच्या पाण्यांत बुडालेल्या गाडीविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली-कोल्हापुरास व जुलै २०२१ मध्यें चिपळुणास जे पूर आले त्यांत असंख्य गाड्या पाण्याखालीं गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारांत येतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. आंतल्या टोंकास मातकट रेघ दिसली, सीटखालचे बोल्ट गंजलेले असले, अथवा गालिच्याखालीं कुबट वास व गाळ असला, तर किंमत कितीही कमी असो, ती गाडी घेऊं नये. तिच्या विजेच्या तारा आज ना उद्यां दगा देतात.

कागदपत्रांचें काम कंटाळवाणें आहे, पण तें दलालावर सोंपवूं नये. चेसिस व इंजिन यांचे नंबर नोंदणीपत्राशीं ताडून पाहावे. कर्ज असल्यास बँकेचें ना-हरकत पत्र व नमुना ३५, परराज्यांतील गाडी असल्यास नमुना २८, आणि मालकीबदलासाठीं नमुने २९ व ३० हीं सर्व हातीं आल्यावांचून पुरी रक्कम देऊं नये. गाडीची पंधरा वर्षें भरत आलीं असतील तर पुढें तपासणी करून नोंदणी पांच-पांच वर्षांनीं नवी करावी लागते, तो खर्च किंमतींतून वजा करावा. विम्यावर नवें नांव चौदा दिवसांच्या आंत चढविण्याविषयीं अर्ज करावा.

आणि गाडी घरीं आल्यावर पहिला पावसाळा संपेपर्यंत मुलाच्या शेजारीं घरांतील एका अनुभवी माणसानें बसावें, मित्रमंडळींस घेऊन घाट चढूं देऊं नये, आणि रात्रीचें चालविणें दिवाळीनंतर ठेवावें.