एका रात्रीची मोजणी

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभरातील प्रगणक एका वेगळ्या कामासाठी बाहेर पडले होते. आधीचे जवळजवळ तीन आठवडे त्यांनी घरोघर फिरून कुटुंबांची नोंद केली होती. त्या रात्री मात्र त्यांना घरच नसलेल्यांचा शोध घ्यायचा होता. पदपथ, उड्डाणपुलांखालची जागा, रेल्वेचे फलाट, प्रार्थनास्थळांची उघडी आवारे, रस्त्याकडेला पडलेले सिमेंटचे मोठे पाइप, अशा ठिकाणी जाऊन त्यांनी माणसे मोजली. देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर आढळली. बृहन्मुंबईत ही संख्या सुमारे ५७ हजार भरली.

२०२१ ची जनगणना प्रथम कोविडमुळे आणि पुढे वारंवार लांबणीवर पडली. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये अधिसूचना काढून नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक निश्चित केला. म्हणजे दोन मोजण्यांमध्ये सोळा वर्षांचे अंतर पडणार. इतक्या दीर्घ काळाचे धोरण एका रात्रीच्या आकड्यावर उभे असेल, तर तो आकडा कसा तयार होतो, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

२००१ मध्ये देशात १९ लाख ४३ हजार बेघर होते. दहा वर्षांत संख्या घटली म्हणून कोणी समाधान मानील. परंतु ही घट झाली ग्रामीण भागात. शहरांतील बेघरांची संख्या ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेली. एकूण बेरजेने दिलासा दिला आणि शहरांचे वास्तव त्या बेरजेआड झाकले गेले.

मुंबईचा आकडा तर बेघरांमध्ये काम करणाऱ्या संस्थांनी कधी मान्य केला नाही; त्यांचे अंदाज त्याच्या दुपटी-तिपटीचे आहेत. हा वाद येथे मिटवता येणार नाही. पण एका रात्रीत माणसे का निसटतात, हे पाहण्यासारखे आहे. लग्नाच्या हंगामात केटररच्या हाताखाली भांडी घासणारा मुलगा मध्यरात्री हॉलवरच असतो. भाजीबाजारातील हमाल पहाटेपूर्वीच कामाला लागतो. एकटी स्त्री सुरक्षिततेसाठी कोणाच्या नजरेस पडणार नाही असा कोपरा शोधते, आणि जी कोणालाच दिसू नये म्हणून लपते, ती प्रगणकालाही दिसत नाही. रात्री वही घेऊन आलेला सरकारी माणूस पाहून काढता पाय घेणारेही असतात. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली पकडून नेले जाण्याची धास्ती त्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. शिवाय पदपथावरच्या प्लास्टिकच्या आडोशाला घर म्हणायचे की नाही, हे बहुतेक वेळा त्या क्षणी समोर उभ्या असलेल्या प्रगणकाच्या समजुतीवर ठरते.

त्याहून अवघड प्रश्न हद्दींचा आहे. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत. आपली वसई-विरार त्यांपैकी एक. बेघर माणूस या हद्दी ओळखत नाही, तो रेल्वेमार्ग ओळखतो. एका शहराने पुलाखालच्या जागेला लोखंडी जाळी ठोकली की तेथील माणसे चार स्थानके पुढे सरकतात. जाळी ठोकणाऱ्या शहरात बेघर कमी झाल्याची नोंद होते; वास्तविक एकाही माणसाला छप्पर मिळालेले नसते.

आपल्या परिसरात याला आणखी एक पैलू आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर वसई, भिवंडी, ठाण्याकडे येतात आणि पावसाच्या तोंडावर गावी परततात. फेब्रुवारीच्या अखेरीस ती ताडपत्रीखाली असतात आणि गावातील झोपडी बंद असते. त्यांना बेघर म्हणावे की नाही, याचे उत्तर फेब्रुवारीत एक आणि जुलैत दुसरे येईल. नाताळची कथा सुरू होते तीही एका शिरगणतीने, हे आपण गोठा सजवण्याच्या गडबडीत विसरतो. योसेफाला नावनोंदणीसाठी आपल्या मूळ गावी जावे लागले आणि तेथेही उतारशाळेत जागा मिळाली नाही. आपल्या भट्टीवरचा मजूर जेथे असेल तेथेच मोजला जातो. पण त्याची खरी जागा कोणती, हे नोंदवण्यास त्या तक्त्यात रकाना नाही.

आता निवाऱ्यांचा हिशेब पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा उभारण्याचा आदेश दिला. हे निवारे वर्षभर आणि चोवीस तास चालावेत, असेही बजावले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शंभर माणसांच्या निवाऱ्याचे प्रमाण धरले आणि प्रत्येकामागे किमान पन्नास चौरस फूट जागा सांगितली. २०११ ची मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे नियम अक्षरशः पाळला तरी सुमारे १२,४०० माणसांची सोय होईल. सरकारनेच मोजलेल्या ५७ हजारांपैकी दर पाचांतील चौघे तरीही रस्त्यावरच राहतील. वसई-विरारची त्या वेळची लोकसंख्या १२ लाख २२ हजार. तेव्हा आपल्या शहराच्या वाट्याला बारा निवारे येतात. आपल्या धर्मग्रामाच्या आसपास त्यांपैकी किती दिसतात, हे प्रत्येकाने स्वतः पाहावे. हे प्रमाण बेघर किती आहेत यावरून ठरलेले नाही, हे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे. विश्वासार्ह मोजणी हाती नसताना काढलेला तो ठोकताळा आहे.

मोजले जाण्याला इतके महत्त्व का द्यावे? मुंबईच्याच इतिहासात याचे उत्तर आहे. १९७६ मध्ये राज्य सरकारने झोपड्यांची गणना करून ओळखपत्रे दिली. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथवासीयांना हटवण्याची मोहीम निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑल्गा टेलिस खटल्याच्या १९८५ च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. तरीही पदपथावर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. पर्यायी जागा द्यावी असे न्यायालयाने म्हटले, ते १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद होती त्यांच्याबाबत. ज्याचे नाव यादीत, त्याच्या हाती काहीतरी. ज्याचे नाही, त्याच्या हाती केवळ नोटीस.

हा धडा भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रियांनी फार लवकर ओळखला. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने त्यांच्या साहाय्याने सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची पाहणी केली आणि तिचा अहवाल प्रसिद्ध केला. आज आले आणि उद्या जातील, असे ज्यांच्याविषयी बोलले जात होते, ती कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच जागी राहून शहराची कामे करत होती. पुढे या स्त्रियांनी ‘महिला मिलन’ उभारले, पैशापैशाने बचत केली, घराचे नकाशे स्वतः आखले, आणि त्यांतील काही कुटुंबे मानखुर्दच्या पक्क्या घरांत गेली. वेळ फार लागला, हे खरे. पण सुरुवात झाली ती मोजणीतून, आणि मोजणारे हात त्यांचे स्वतःचे होते.

संपूर्ण महानगर प्रदेश एक धरून काम केल्याचे उदाहरण अमेरिकेतील ह्यूस्टनचे आहे. तेथे शहर आणि भोवतालच्या काउंट्यांनी, शंभराहून अधिक संस्थांसह, बेघरांची एकच यादी ठेवली आणि आधी घर, मग उपचार व नोकरी, असा क्रम लावला. २०११ पासून बारा वर्षांत तेथील बेघरांची संख्या साठ टक्क्यांहून अधिक घटली. त्याच देशात २०२४ च्या मोजणीत बेघरांचा राष्ट्रीय आकडा ७ लाख ७१ हजारांवर, म्हणजे उच्चांकावर गेला होता. केवळ देश श्रीमंत असल्याने हे साधले नाही, एवढे यावरून दिसते. अर्थात ह्यूस्टनमध्ये भाड्याची घरे तुलनेने स्वस्त आहेत. मुंबई परिसरात तसे म्हणण्याचे धाडस कोण करील?

थंडीत आपण चादरी वाटतो, सणाला जेवण देतो. ते थांबवावे असे मी म्हणणार नाही. पण त्याने बेघरांची संख्या एकानेही कमी होत नाही. परमगुरूंच्या न्याय व शांती आयोगाने १९८७ च्या अखेरीस बेघरांविषयी दस्तऐवज काढला, तेव्हाही त्याचा रोख व्यक्तीच्या दुर्दैवापेक्षा समाजाच्या रचनेकडे होता.

मोजणीची अधिक चांगली रीत आपल्या देशात ठाऊक नाही असे नाही. बेघर व्यक्तीने मतदारयादीसाठी अर्ज केला, तर निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार अधिकाऱ्याने तिने सांगितलेल्या जागी रात्री जायचे असते, आणि तेही एकाहून अधिक रात्री. ती तेथे झोपते याची खात्री पटली की पत्त्याचा कागद मागायचा नाही. मतासाठी जी तसदी घेतली जाते, ती निवाऱ्यासाठी घेण्यात अडचण कोणती? नऊ महानगरपालिकांनी एकाच आठवड्यात, एकाच व्याख्येने, तीन-चार रात्री मोजणी करायची ठरवली, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

प्रगणक बहुतांशी शिक्षक असतात, आणि आपल्या धर्मग्रामांत शिक्षकांची संख्या मोठी आहे. मागील रिवाज कायम राहिला, तर फेब्रुवारी २०२७ च्या अखेरच्या रात्री त्यांच्यापैकी काहींना स्थानकाबाहेर, पुलांखाली आणि भट्ट्यांवर जावे लागेल. त्याआधी त्यांनी आपापल्या विभागात दिवसाउजेडी एक फेरी मारावी, चहावाल्याला आणि रिक्षावाल्यांना विचारावे, कोण कोठे झोपते याची टिपणे करून ठेवावीत. त्या रात्री बरोबर कोणी येणार असेल, तर धर्मग्रामाच्या युवक मंडळाने आतापासूनच तशी परवानगी मागावी.