दुनळीची दुसरी नळी

ह्या सदराच्या एका वाचकांनी आम्हांस मोठाच अवघड प्रश्न घातला आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त आफ्रिकेत असतात. तेथील एक स्नेही नवी दुनळी रायफल विकत घेऊन, रीतसर परवाना काढून, रानरेड्याच्या शिकारीस निघाले आहेत व चिरंजीवांसही बरोबर चला म्हणतात. रायफलची पहिली परीक्षा रेड्यावरच करावयाची, असा बेत आहे. हे उचित काय?

आमच्या घरातील शस्त्र म्हणजे विळी! परंतु विचारलेल्या प्रश्नाचा अभ्यास केल्यावाचून शिक्षकास चैन पडत नाही. हिंसेस आमचे मन प्रतिकूल आहे, हे आम्ही लपवीत नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा प्रश्न बहुतांशी निकालातही काढला. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली; टांझानियादी देशांत मात्र ती आजही परवान्याने चालते. तेव्हा उत्तर देणे प्राप्त आहे.

दुनळी रायफल म्हणजे दोन नळ्या नुसत्या शेजारी जोडल्या, असे नव्हे. बार उडताच धक्क्याने उजवी नळी वर व किंचित उजवीकडे झुकते, डावी डावीकडे. यास्तव कारागीर दोन्ही नळ्यांची तोंडे किंचित एकमेकींकडे वळवितो, मध्ये पाचर घालून डाख देतो, गोळ्या झाडून पाहतो, डाख वितळवून पाचर सरकवितो, व दोन्ही गोळ्या एके ठिकाणी पडू लागेपर्यंत हा क्रम चालू ठेवतो. हे सारे एका ठराविक काडतुसास धरून असते. काडतूस बदलले की जुळणी बिघडते. विलायतेच्या थंडीत जुळविलेली काडतुसे आपल्याकडील उन्हाळ्यात अधिक दाब देत. म्हणून उष्ण देशांसाठी दारू कमी घातलेली निराळी काडतुसे काढावी लागली.

ह्या शस्त्राचा आपल्या देशाशी आणखीही एक संबंध आहे. रिग्बी ह्या कारखान्याने १८९८ साली ०.४५० इंच व्यासाचे जबरदस्त काडतूस काढले. परंतु त्या मापाच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती जाऊन जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांस उपयोगी पडतील, ह्या भीतीने इंग्रज सरकारने ते माप हिंदुस्थानात बंद केले. त्यातूनच ०.४७० इत्यादी नवी मापे निघाली. ०.४७० ची गोळी सुमारे ३२ ग्रॅम वजनाची असून सेकंदास सुमारे ६५० मीटर वेगाने जाते.

आता दुसरी नळी कशासाठी? दुसऱ्या जनावरासाठी नव्हे. रानरेड्याचा मोठा नर ७०० किलोच्या आसपास भरतो. वर्मी न लागलेली गोळी घेऊन तो दाट झुडपात शिरतो, आणि मागे येणाऱ्यावर उलटतो. त्यास वेदनेतून सोडविणे आणि सोबतच्या माणसांचे प्राण राखणे, ह्या दोन्ही कामी क्षणार्धात तयार असणारी दुसरी गोळी लागते. तीच कोठे जाईल हे ठाऊक नसेल, तर पाच किलोंचे ओझे व्यर्थ होय.

रामायणात राजा दशरथ शरयूतीरी रात्री रेडा, हत्ती वा अन्य श्वापद पाण्यावर येईल म्हणून दबा धरून बसला होता. घागर भरण्याच्या शब्दावर त्याने बाण सोडला, आणि मुनिकुमार पडला. दशरथाचा नेम चुकला नव्हता. न पाहता विद्येची परीक्षा घेण्याचा मोह त्यास नडला.

तात्पर्य, रायफलची परीक्षा कागदावर व्हावी. शिकारीस नेण्याचेच काडतूस घ्यावे. पन्नास पावलांवर निशाण लावून, उभ्याने, प्रथम उजवी व लगेच डावी नळी झाडावी; मग नळ्या थंड होऊ द्याव्या. दोहोंच्या खुणा वारंवार तळहाताएवढ्या जागेत उमटल्या पाहिजेत. न उमटल्यास रायफल कारागिराकडे परत जावी व शिकार पुढे ढकलावी.

स्नेह्यांनी हे मानले तर चिरंजीवांनी पाहण्यापुरते खुशाल जावे. न मानले तर घरीच राहावे. त्यात भित्रेपणा नाही. जाणार असल्यास मात्र कोठे व किती दिवस, हे आईस आधी कळवूनच निघावे.