जखमेची नोंद

लढाईत जखमी होऊन परतलेल्या आणि आता सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या सैनिकाने जखमेच्या पदकासाठी अर्ज करावा काय? गोरेगाव आणि सेनगाव तालुक्यातील इतर गावांतून हा प्रश्न आमच्याकडे येतो, तेव्हा तो सैनिक स्वतः क्वचितच विचारतो. विचारतो त्याचा मुलगा किंवा नातू, आणि तोही खाली मान घालून, जणू काही म्हाताऱ्याचा एखादा हट्टच सांगत आहे. पन्नास वर्षे गप्प बसलेल्या माणसाला आता कोण विचारणार, असे घरातील मंडळींचे म्हणणे असते. परंतु नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून दुसराही एक आक्षेप ऐकू येतो आणि तो अधिक विचार करण्यासारखा आहे. आपण पंचशील घेतले, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा केली. मग लढाईच्या बिल्ल्याचा मोह कशाला?

या आक्षेपाला आधी उत्तर दिले पाहिजे, कारण तो प्रामाणिक आहे. परमपूज्य बाबासाहेब हे सुभेदार रामजींचे चिरंजीव. महूच्या छावणीत त्यांचा जन्म झाला. सैन्याची नोकरी हे पाप आहे, असे त्यांनी आपल्या समाजाला कधीही शिकविले नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची आवश्यकता यांतील भेद स्पष्ट केला आहे. शिवाय जखमेचे पदक हे मारल्याबद्दल मिळत नाही. मार सोसल्याबद्दल मिळते. ज्याच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा आजही आहे, त्याने “हा तुकडा शत्रूच्या गोळ्याचा आहे, असे लिहा” एवढेच म्हणावे, यात तृष्णा कोणती? ते तर सत्य बोलणे आहे. चौथ्या शीलाशी त्याचा विरोध नाही, उलट मेळच आहे.

आता नोंदीचे महत्त्व. कोरेगाव भीमा येथील स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची ४९ नावे आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हे पद आहे. हे महार सैनिक होते, हे सिद्ध करण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. (दरवर्षी आपले लाखो लोक तेथे जातात, ती नावे सावकाश वाचणारे मात्र थोडे.) पुढे १८९२ च्या सुमारास लढवय्या जातींचे शास्त्र निघाले आणि महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठविले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली; गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट स्थापन होण्यास १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. तुम्ही लढवय्ये नव्हेत असे साहेबलोक सांगत होते, तेव्हा आपल्या पूर्वजांच्या हाती कोणता पुरावा होता? कोरेगावचा दगड होता. त्यावर नावे कोरलेली होती म्हणूनच त्यांच्याकडे बोट दाखविता आले. ज्यांची नावे कोठेही लिहिली गेली नाहीत, ते लढले असले तरी वादात उपयोगी पडले नाहीत.

म्हणूनच आजच्या वृद्ध सैनिकाच्या अर्जाकडे आम्ही त्याचा खाजगी हट्ट म्हणून पाहत नाही.

भारतात शत्रूच्या प्रत्यक्ष कृतीमुळे झालेल्या जखमेसाठी पदक आहे. पूर्वी त्यास वूंड मेडल म्हणत, आता त्याचे नाव पराक्रम पदक असे आहे. नाव बदलले तरी त्याचे स्वरूप शौर्यपदकाहून निराळे आहे, हे ध्यानात घ्यावे. शौर्यपदकासाठी वरिष्ठाची शिफारस लागते, आणि शिफारस करणे न करणे हे वरिष्ठाच्या मनावर असते. जखमेला शिफारस लागत नाही. जखम झाली किंवा झाली नाही. शत्रूमुळे झाली किंवा अन्य कारणाने झाली. हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, कृपेचा नव्हे. राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने सरदार, रावबहादूर यांसारख्या किताबांची परंपरा बंद केली. मात्र सेनाविषयक आणि विद्याविषयक मानविशेष त्या बंदीतून वगळले. जन्माच्या अथवा मर्जीच्या प्रतिष्ठेला ज्या घटनेने दार बंद केले, त्याच घटनेने सैनिकाच्या छातीवरील पदकाला जागा राखून ठेवली. असे असता पदकाचा अर्ज करताना हात जोडून, ‘मायबाप सरकार’ म्हणून लिहिण्याचे कारण काय? आम्ही असे अर्ज पाहिले आहेत. पहिल्या ओळीतच अर्जदार आपण गरीब व मागासलेले असल्याचे सांगतो. कोणत्या तारखेस, कोणत्या तुकडीत, कोणत्या ठिकाणी जखम झाली, हे मात्र शेवटपर्यंत येत नाही. बलुत्याची भाषा अजून आपल्या लेखणीतून गेलेली नाही.

तथापि मर्जीला येथेही एक फट सापडते आणि ती शब्दात असते. इस्पितळाच्या कागदावर ‘शत्रूच्या माऱ्याने जखमी’ असे लिहिले की मार्ग मोकळा होतो. नुसते ‘इजा’ असे लिहिले की तो बंद होतो. एका शब्दाने काय होते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांकडे पाहावे. आपल्या आणि त्यांच्या प्रश्नातील साम्य बाबासाहेबांनीही ओळखले होते; १९४६ साली त्यांनी त्यांचे नेते डॉ. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेत युद्धात जखमी झालेल्या सैनिकास ‘पर्पल हार्ट’ नावाचे पदक मिळते. ओझी फ्लेचर हे कृष्णवर्णीय सैनिक १९४४ साली नॉर्मंडीत जखमी झाले. गोरा सैनिक ‘जखमी’ होई आणि काळ्या सैनिकाला फक्त ‘इजा’ होई, असे त्यांनी पुढे सांगितले. जून २०२१ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, त्यांना ते पदक मिळाले.

त्याच महिन्यात लुइझियाना राज्यातील जॉनी जोन्स यांनाही ते मिळाले. त्यांचे वय त्या वेळी १०१ होते. जोन्स यांची हकीकत आमच्या विशेष जिव्हाळ्याची आहे, कारण ते वकील होते. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना ते जखमी झाले. मायदेशी परतल्यावर मानेत राहिलेला तुकडा काढून घेण्यासाठी ते न्यू ऑर्लिन्सकडे निघाले असता एका गोऱ्या पोलिसाने त्यांना रस्त्यात अडविले, खाली पाडले आणि लाथा मारल्या. ज्या देशासाठी तो तुकडा अंगात घेतला, त्या देशाच्या रस्त्यावर हे घडले! जोन्स यांनी त्यानंतर कायद्याचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये बॅटन रूज येथे कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला, तेव्हा त्या लोकांची बाजू न्यायालयात मांडली. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी ते आयुष्यभर लढले; स्वतःच्या जखमेची नोंद मात्र ७७ वर्षांनी झाली. एप्रिल २०२२ मध्ये ते वारले. हाती पदक होते ते जेमतेम दहा महिने. आपल्या वृद्धांनी अर्ज पुढे ढकलू नये, असे आम्ही सांगतो ते याच कारणासाठी.

“उशीर झाला” या सबबीविषयी कायद्याचे म्हणणे काय, तेही सांगतो. तरसेम सिंग यांच्या प्रकरणात सैनिकाने अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी सोळा वर्षांनी न्यायालयात धाव घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये असे ठरविले की, निवृत्तिवेतन न मिळणे हा दरमहा नव्याने घडणारा अन्याय असल्यामुळे केवळ विलंबाच्या कारणाने मागणी फेटाळू नये. मात्र थकबाकी अर्जापूर्वीच्या सुमारे तीन वर्षांचीच मिळेल. पदक म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे, हे खरे. न्यायालय स्वतः पदक देत नाही; फार तर कागद तपासून निर्णय घ्या, असे संबंधित अधिकाऱ्यास सांगू शकते. परंतु जखमेची खरी नोंद सापडली तर तिचा उपयोग पदकापुरता राहत नाही. तीच नोंद निवृत्तिवेतनाच्या दाव्यातही बोलते. म्हणून जखमी सैनिकाच्या घरात हे दोन प्रश्न एकत्र तपासले पाहिजेत. त्यासाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण निर्माण झाले आहे आणि त्याचे पीठ मुंबईस आहे.

आपल्या मराठी मुलुखातील मुरलीकांत पेटकर यांचेच पाहा. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून ते अपंग झाले. १९७२ मध्ये हायडलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. अर्जुन पुरस्काराची त्यांची मागणी १९८२ मध्ये नाकारली गेली. तो सन्मान त्यांच्या हाती आला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. ज्याच्याजवळ जागतिक सुवर्णपदक होते, त्यास इतकी वाट पाहावी लागली. मग ज्याच्याजवळ केवळ एक फाटके सेवापुस्तक आहे, त्याने पहिल्या नकारानेच घरी बसावे काय?

राहिला नावाचा प्रश्न. दीक्षेनंतर पुष्कळ कुटुंबांनी नावे, आडनावे बदलली. सैन्याच्या कागदावर जुने नाव, जुना धर्म, आधारपत्रावर नवे. यामुळे आपला हक्क गेला, अशी भीती अनेकांना वाटते आणि ती भीती पसरविणारेही गावोगाव आहेत. जखमेला धर्म नसतो. सैनिकाने किंवा त्याच्या मुलांनी धम्म स्वीकारला म्हणून सेवेची नोंद पुसली जात नाही. मात्र जुन्या व नव्या नावाचा माणूस एकच आहे, हे कागदाने दाखवावे लागते. नावातील बदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा, जोडीस प्रतिज्ञापत्र द्यावे आणि अर्जात दोन्ही नावे लिहावीत. जुने नाव लिहिण्याची लाज बाळगू नये. गोळी लागली ती त्याच नावाच्या माणसाला.

अर्ज आपल्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे करावा. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. इस्पितळात दाखल झाल्याच्या व सेवामुक्तीच्या वेळच्या वैद्यकीय कागदांच्या नकला माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये मागाव्यात, आणि जखम कोणत्या नियमाखाली बसते किंवा बसत नाही, याचे उत्तर लेखी घ्यावे. तोंडी नकार स्वीकारू नये. त्या लढाईतील सोबती हयात असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र याच महिन्यात करून घ्यावे. कागद पुढच्या वर्षीही सापडेल. सोबती सापडेलच असे नाही.