चार फ्रेम्ससाठी लॅपटॉप पणाला?

आमच्या वर्गात सध्या दोन पंथ आहेत. एक म्हणतो, "ओव्हरक्लॉक केलं की लॅपटॉप जळतो." दुसरा म्हणतो, "अरे भिया, स्लायडर ओढ आणि खेळ!" मी दोन्ही पंथांत राहून आलोय, म्हणून यावर दोन शब्द लिहायचं धाडस करतोय.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. इंदुरात पारा चाळिशीपार, रामबागेतली आमची वरच्या मजल्यावरची खोली, आणि बाबांनी हप्त्यांवर घेऊन दिलेला लॅपटॉप. त्यात जीटीएक्स 1650. एका मित्राने त्याच्या मशीनवरचे आकडे पाठवले. मी एमएसआय आफ्टरबर्नर उघडून ते जसेच्या तसे भरले : कोअरला 200 मेगाहर्ट्झ, मेमरीला 800. वर विंडोज सुरू होताच ते आपोआप लागू व्हावेत, अशीही सोय करून ठेवली. दोन दिवस नुसती ऐट! तिसऱ्या रात्री चौघांच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट उघडा ठेवून 'जरा एकच मॅच' म्हणत बसलो. पडद्यावर हिरवे-जांभळे ठिपके आले आणि सगळं गोठलं. बंद करून चालू केला, तर पुन्हा तेच. शेवटी सेफ मोडमध्ये जाऊन सॉफ्टवेअर काढलं, तेव्हा लॅपटॉप जिवंत झाला. पण सेव्ह न केलेली सात पानं गेली ती गेलीच. पहाटे तिघांना फोन करून ते सांगणं हे कुठल्याही गेममधल्या हरण्यापेक्षा वाईट होतं.

तरीही माझं मत असं, की ओव्हरक्लॉकिंगमध्ये पाप नाही. पाप आहे दुसऱ्याचे आकडे उचलण्यात. एकाच मॉडेलच्या दोन चिपसुद्धा सारख्या निघत नाहीत. एक 200 सहज पेलते, दुसरी 120 वरच मान टाकते.

शिवाय लॅपटॉप म्हणजे डेस्कटॉप नव्हे. डेस्कटॉपचं कार्ड बिघडलं तर काढून दुसरं बसवता येतं. लॅपटॉपमध्ये ते बहुधा मदरबोर्डलाच डाखलेलं असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांची उष्णता त्याच तांब्याच्या नळ्यांतून बाहेर जाते. एक तापला की दुसऱ्यालाही घाम फुटतो. मग मशीन स्वतःच वेग कमी करतं. म्हणजे आपण वर ओढायचं आणि त्याने खाली उतरायचं. मिळालं काय? फॅनचा आवाज!

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सफाई. जेल रोडवर एका काकांकडून मी लॅपटॉप उघडून घेतला, फॅनमधून धुळीची अख्खी गादी निघाली. थर्मल पेस्ट बदलली, मागची बाजू थोडी उचलून ठेवली. दुसरी पायरी अंडरव्होल्टिंग. चिपचा वीजवापर क्लॉकच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. त्याच क्लॉकवर व्होल्टेज 10 टक्के उतरवलं, तर हा वापर साधारण 19 टक्के घटतो. फार उतरवलं तर इथेही गेम बंद पडतो, म्हणून थोडं थोडंच. या दोन पायऱ्यांनी माझं कार्ड 85 अंशांवरून 74 वर आलं.

ओव्हरक्लॉक त्यानंतर. एका वेळी 15-20 मेगाहर्ट्झ, दर वेळी आपलाच नेहमीचा गेम तासभर, तापमानावर नजर ठेवून. ठिपके दिसले किंवा गेम पडला की दोन पायऱ्या मागे. आठवडाभर नीट चालल्याशिवाय ते आपोआप लागू करायचं नाही. आणि व्हीबायोस बदलून वीजमर्यादा वाढवायच्या फंदात तर पडूच नका. ती चूक सेफ मोडमध्ये जाऊन सुधारत नाही.

एवढं करून मला काय मिळालं? 54 चे 58 एफपीएस. फक्त चार! खरा फायदा सफाईचा झाला : पूर्वी अर्ध्या तासाने गेम अडखळायचा, तो आता अडखळत नाही.

काही जण म्हणतात, कंपन्यांनी ही सोयच बंद करावी. मला ते पटत नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या 900एम मालिकेचं ओव्हरक्लॉकिंग ड्रायव्हरमधून बंद केलं होतं. ग्राहक खवळले आणि कंपनीला ते परत द्यावं लागलं. बरंच झालं. वस्तू आपली, तर हक्कही आपला. पण मग चुकीची जबाबदारीही आपलीच. त्या रात्री मी हक्क माझा म्हटला आणि नुकसान चौघांना वाटून दिलं.

तेव्हा दोस्तांनो, स्लायडरला हात लावण्याआधी फॅनची धूळ झाडा. आणि त्याच्याही आधी रिपोर्ट सेव्ह करा. बाबांना हे सगळं अजून ठाऊक नाही. अंक निघाला की त्यांना मीच वाचून दाखवणार आहे. हप्ते अजून चालू आहेत.