साखर, तेल आणि क्युबाचे स्वातंत्र्य

१/ क्युबाची दोन चित्रे आपल्याकडे प्रचलित आहेत: टी-शर्टवरचा चे गेव्हारा आणि मॉस्कोच्या हातातले बाहुले. मला दोन्ही अपुरी वाटतात. या बेटाचे राजकारण समजून घ्यायचे, तर विचारसरणीच्या आधी एक साधा प्रश्न विचारावा: त्याची साखर कोण घेतो आणि त्याला तेल कोण देतो?

२/ १ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता पळाला, तेव्हा क्युबाच्या साखरेचा मुख्य ग्राहक अमेरिका होता. क्रांतीचे वचन हुकूमशहा हटवण्यापुरते नव्हते. एका ग्राहकाच्या मर्जीतून देश सोडवण्याचेही होते.

३/ फेब्रुवारी १९६० मध्ये सोव्हिएत नेते मिकोयान हवानात आले. साखर खरेदीचा आणि १० कोटी डॉलर कर्जाचा करार झाला. सोव्हिएत तेल शुद्ध करण्यास परदेशी कंपन्यांनी नकार दिला. कॅस्ट्रोंनी त्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने ताब्यात घेतले. जुलैमध्ये आयसेनहॉवर यांनी साखरेचा कोटा कापला.

४/ कॅस्ट्रोंच्या निकटवर्तीयांत साम्यवादी आधीपासून होते, हे खरे. पण क्रांती ‘समाजवादी’ असल्याची जाहीर घोषणा एप्रिल १९६१ मधली आहे. ग्राहक आधी बदलला, घोषणा नंतर झाली. हा क्रम विसरू नये.

५/ ऑक्टोबर १९६२ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे मागे घेतली, तीही कॅस्ट्रोंना न विचारता. हवानात संताप उसळला. मग स्वबळाचा प्रयत्न झाला: १९७० मध्ये १ कोटी टन साखरेचे लक्ष्य! सारा देश ऊसतोडीला जुंपला, तरी उत्पादन ८५ लाख टनांच्या आसपास थांबले. २६ जुलै रोजी कॅस्ट्रोंनी अपयश जाहीरपणे मान्य केले.

६/ पुढचे पाहा. १९७२ मध्ये क्युबा सोव्हिएत गटाच्या ‘कोमेकॉन’ या आर्थिक संघटनेत गेला. १९७६ ची राज्यघटना सोव्हिएत वळणाची होती. फसलेल्या सुगीने देशांतर्गत सत्तेचा आकारही ठरवला.

७/ तरीही क्युबा बाहुले नव्हता. १९७५ मध्ये अंगोलात सैन्य पाठवण्याचा निर्णय हवानाचा स्वतःचा होता. मात्र मैत्रीची किंमत चुकली नाही. १९७९ मध्ये क्युबा अलिप्त राष्ट्रांचा अध्यक्ष झाला. डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निषेधाच्या ठरावाविरुद्ध क्युबाने मत दिले. भारत तटस्थ राहिला. अलिप्ततेच्या अध्यक्षाला तेवढेही जमले नाही.

८/ १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. तेल आटले, अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशाने आकसली, लोक सायकलींवर आले. १९९३ मध्ये शत्रूचा डॉलर बाळगणे कायदेशीर करावे लागले. २००० पासून व्हेनेझुएलाचे तेल येऊ लागले, बदल्यात क्युबाचे डॉक्टर गेले. आश्रयदाता बदलला, साचा तोच राहिला.

९/ अमेरिकी निर्बंधांनी सामान्य क्युबन माणसाचे अतोनात नुकसान केले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे आहे. पण एकपक्षीय सत्ता, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी, जुलै २०२१ च्या निदर्शकांना झालेल्या दीर्घ शिक्षा यांचे खापर केवळ निर्बंधांवर फोडणे हाही अप्रामाणिकपणाच. २०१९ च्या घटनेने खासगी मालमत्तेला मान्यता दिली. दुसऱ्या पक्षाला नाही.

१०/ माझा निष्कर्ष कटू आहे. क्युबाने धनी बदलले, पण धन्याची गरज संपवली नाही. आणि परराष्ट्र धोरणात मागितलेले स्वातंत्र्य स्वतःच्या नागरिकांना दिले नाही. मित्रहो, कोणत्याही क्रांतीचा इतिहास वाचताना ध्वजासोबत जहाजेही मोजा: बंदरात काय आले, काय गेले आणि दर कोणी ठरवला. मतभेद असल्यास जरूर मांडा, पुराव्यासह.