जीर्ण वस्त्रांचा मोह

लखनौचे चारबाग हे देशातील अत्यंत देखण्या रेल्वेस्थानकांपैकी एक. या इमारतीची पायाभरणी १९१४ साली झाली. डिसेंबर १९१६ मध्ये, काँग्रेसच्या लखनौ अधिवेशनाच्या निमित्ताने, महात्मा गांधी आणि जवाहरलाल नेहरू यांची पहिली भेट झाली ती याच चारबागेत. त्या काळचे गांधीजी आपल्या डोळ्यांसमोर असतात तसे नव्हते. काठेवाडी पागोटे, अंगरखा आणि धोतर असा त्यांचा वेश असे. त्याच अधिवेशनाला गेलेले लोकमान्य टिळक तर पगडी-उपरण्यावाचून आपल्या कल्पनेतही येत नाहीत. माणसे आठवतात ती त्यांच्या कपड्यांसकट. घरातील गेलेल्या माणसांच्या बाबतीत हे अधिकच खरे असते.

आज चारबागेवर उतरणारा मराठी प्रवासी परतीच्या वाटेवर चिकनचा एखादा कुर्ता बरोबर घेतोच. या कुर्त्यावर किती हात फिरलेले असतात, याची त्याला बहुधा कल्पना नसते. तलम कापडावर आधी लाकडी ठशांनी, पुढे धुऊन जाणाऱ्या रंगात, नक्षी उमटवतात. मग लखनौच्या गल्लीबोळांतील आणि भोवतालच्या खेड्यांतील स्त्रिया घरकाम सांभाळून त्यावर सुई चालवतात. टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाली अशी त्या टाक्यांची नावे. शेवटी धोबी ते कापड धुतो, ठशाचा रंग निघून जातो आणि केवळ टाके उरतात. पुढे हा कुर्ता कोणाच्या लग्नात, कोणाच्या पहिल्या पगाराच्या दिवशी अंगावर चढतो. कापड विरते, कॉलर झिजते, तरी तो फेकवत नाही. बाजाराच्या हिशेबाने त्याची किंमत शून्य झालेली असते आणि घराच्या हिशेबाने ती वाढलेली असते.

हे का घडते? वस्त्र ही आपल्या कातडीला सर्वांत जवळची वस्तू. वापरून वापरून कोपराचा, गुडघ्याचा आकार कापडाला येतो. शिवाय कापड वास धरून ठेवते. मेंदूत गंधाची वाट ही भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी इतर संवेदनांच्या मानाने अधिक थेट जोडलेली आहे. म्हणून आईच्या लुगड्याची घडी उलगडताच, छायाचित्र पाहून जे होत नाही ते होते. शान्ता शेळके यांची ‘पैठणी’ ही कविता असंख्य मराठी वाचकांना आपल्याच घरची वाटली, ती आजीच्या वस्त्रातून आजीच भेटते म्हणून. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये शाळकरी श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. त्या कोटाचे कापड कसे होते, हे कितीजणांच्या लक्षात असेल? कोट मात्र कोणी विसरत नाही.

विचारी माणसे या मोहाला हसतात. गीतेत तर देह टाकणाऱ्या आत्म्याला जुनी वस्त्रे टाकणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे. उपमा थोर आहे, यात शंका नाही. परंतु आईचे लुगडे बोहारणीपुढे ठेवून त्यावर स्टीलचे पातेले घेण्याची वेळ ज्याच्यावर आली, त्याला विचारावे की जुने वस्त्र टाकणे किती सोपे असते! माझ्या मते हा मोह म्हणजे लोभ नव्हे. लोभी माणसाला आणखी हवे असते. येथे माणसाला तेच, विटलेले, एकच वस्त्र हवे असते.

तथापि प्रत्येक जुना कपडा जपण्याजोगा असतो, असेही नाही. काही वस्त्रांत अपमान साठलेला असतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. ज्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ती पद्धत आणि ते दागिने सोडा. स्वच्छ राहा आणि इतर स्त्रियांसारखे नीट लुगडे नेसा, असे त्यांनी सांगितले. पिढ्यान्‌पिढ्यांची ती सवय होती, तिच्यातही कोणाच्या आईची, आजीची आठवण असणारच. तरीही ती सोडण्यात माणूसपण होते. मागे १९२१ साली मदुराईत गांधीजींनी टोपी-सदरा सोडून पंचा स्वीकारला, तो गरिबांशी एकरूप होण्यासाठी. ज्यांच्यावर अपुरे वस्त्र लादले गेले त्यांना पूर्ण वस्त्र हवे होते. ज्याला पूर्ण वस्त्र मिळत होते त्याने ते उतरवले. या दोन कृती परस्परविरोधी वाटतात, पण मला तशा वाटत नाहीत.

मग घरातील त्या गाठोड्याचे काय करावे? डांबराच्या गोळ्या टाकून ट्रंकेत कुलूपबंद ठेवलेले वस्त्र शेवटी कसरीच्या तोंडी जाते. ते देऊन टाकावे, तर देण्याचीही रीत असते. १९९९ साली अंशू गुप्ता यांनी दिल्लीत ‘गूंज’ ही संस्था सुरू केली. शहरांतले वापरलेले कपडे ती गावांत पोहोचवते. मात्र फुकट वाटत नाही. गावकरी विहीर साफ करतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमांचा मोबदला म्हणून कपडे घेतात. अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण मात्र अजूनही फाटका, बटणे तुटलेला सदरा ‘दान’ म्हणून देतो आणि वर कृतज्ञतेची अपेक्षा करतो.

आपल्याकडच्या बायकांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच शोधले आहे. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, वर परकर-पोलक्यांचे तुकडे जोडायचे आणि धावदोऱ्याने सगळे एकत्र शिवायचे, की गोधडी तयार होते. तिच्यात कापड टाकलेही जात नाही आणि कुलपातही पडत नाही. रोज रात्री कोणाला तरी ते ऊब देते. झोप येत नसलेले मूल एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारते, हा कोणाचा? आजी सांगत जाते, हा तुझ्या आत्याच्या परकराचा, हा आजोबांच्या सदऱ्याचा. एखाद्या तुकड्यापाशी मात्र ती थांबते आणि लवकर उत्तर देत नाही.