मधली वर्षं कोणाच्या खिशातून जातात?

आमच्या विभागातला एक ज्युनिअर गेल्या वर्षी भेटायला आला आणि म्हणाला, "ताई, मला फिल्म करायचीय." एम.ए.चा निकाल लागून दोनच महिने झाले होते. वडील बिगारी काम करतात, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, धाकटी बहीण बारावीला. मी म्हणाले, "आधी नेट काढ, मग कर काय करायचं ते." तो हसला आणि गेला. ते उत्तर मला अजून टोचतं. ते चूक होतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, म्हणून जास्तच टोचतं.

आपल्यातून पुढे आलेल्या दिग्दर्शकाची गोष्ट ठरलेल्या साच्यात सांगितली जाते. गाव, गरिबी, जिद्द, पुरस्कार. मधली सगळी वर्षं "खूप संघर्ष केला" एवढ्या वाक्यात उरकतात. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला नेमका त्या वाक्याचा हिशोब हवा आहे. संघर्ष चालू असताना खोलीभाडं कोण भरत होतं?

मारी सेल्वराज यांचंच घ्या. तामिळनाडूतल्या तूत्तुकुडी जिल्ह्यातलं पुलियंकुळम हे त्यांचं गाव. लहानपणी केळीचे घड वाहिले, त्या अनुभवावर त्यांनी पुढे 2024 मध्ये 'वाळै' काढला. चेन्नईत ते दिग्दर्शक राम यांचे सहायक झाले. 'कट्रदु तमिळ' 2007 चा, 'तंग मीनगळ' 2013 चा, 'तरमणी' 2017 चा. या तिन्ही चित्रपटांवर त्यांनी काम केलं. त्यांचा स्वतःचा पहिला चित्रपट 'परियेरुम पेरुमाळ' आला 2018 मध्ये. म्हणजे अकरा वर्षं. एवढ्यात दोन पीएचड्या होतात.

त्या चित्रपटातला परियन कायद्याच्या वर्गात बसतो आणि इंग्रजीतलं शिकवणं त्याच्या डोक्यावरून जातं. तो प्रसंग पाहताना पोटात गोळा आला नाही, असा पहिल्या पिढीचा पदवीधर मला अजून भेटलेला नाही. पण तो प्रसंग पडद्यावर यायला लागलेली अकरा वर्षं आपण विचारात घेत नाही.

सिनेमात शिरायची नेहमीची वाट सहायकाची. सुरुवातीला मानधन नावापुरतं, कधी तेही नाही. काम ओळखीतून मिळतं आणि दोन कामांच्या मध्ये महिनेच्या महिने रिकामे जातात. ज्याच्या बापाचा शहरात फ्लॅट आहे, त्याच्यासाठी हा शिकण्याचा काळ. ज्याच्या घरून दर आठवड्याला "काही लागलं का रे?" असा फोन येतो, त्याच्यासाठी हाच काळ बेकारीचा. माझी फेलोशिप पाच महिने अडकली होती, तेव्हा मला हे नीट कळलं. माझ्यासोबतच्या काही जणी त्याच काळात शांतपणे प्रबंधाचं प्रकरण लिहीत होत्या. मी उसनवारीच्या याद्या लिहीत होते. वाट बघता येणं हेसुद्धा भांडवल आहे, आणि ते जातीनुसार वाटलेलं आहे.

मग मारी सेल्वराज कसे टिकले? जिद्द होतीच, ती नाकारायचं कारण नाही. पण राम यांनी त्यांना इतकी वर्षं सोबत ठेवलं. त्या काळात ते 'आनंद विकटन'मध्ये लिहीत राहिले. आणि पहिल्या चित्रपटाला पैसा घातला पा. रंजित यांच्या नीलम प्रॉडक्शन्सने. रंजित स्वतः सहायक म्हणून राबले होते, 2012 मध्ये 'अट्टकत्ती'पासून त्यांनी सुरुवात केली. पुढे 'कबाली', 'काला' असे रजनीकांतचे चित्रपट करून जे वजन कमावलं, ते त्यांनी दुसऱ्याच्या पहिल्या चित्रपटासाठी वापरलं. हिंदीत नीरज घेवान यांनी दलित, बहुजन, आदिवासी घरांतल्या सहायकांना जाहीरपणे बोलावलं. असं काही झालं की लगेच प्रश्न येतो, "कलेत कसली जात?" चौथ्या पिढीतल्या नटपुत्राच्या पदार्पणाला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आपल्या चळवळीला हे नवं नाही. 1920 मध्ये 'मूकनायक' निघाला, तेव्हा शाहू महाराजांनी 2,500 रुपयांची मदत केली होती. बाबासाहेबांची लेखणी होतीच, तरी छपाईला पैसे लागलेच.

आणि आपण? 'फँड्री'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आपण स्टेटस ठेवले. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट अहमदनगरला जनसंज्ञापन शिकत असताना केला होता. आज तसाच एखादा विद्यार्थी कॅमेऱ्याचं भाडं मागायला आला, तर आपण त्याला स्पर्धा परीक्षेचं पुस्तक देऊ. त्यात आपला दोष कमी आणि भीती जास्त आहे. आपल्या पहिल्या पगाराला आधीच चार वाटेकरी असतात: भावाची फी, घराची गळती, आईचं औषध, सावकाराचं व्याज.

म्हणून मी कुणाला लाखांची देणगी मागत नाही. नोकरीला लागलेल्या दहा जणांनी महिन्याला हजार रुपये काढले, तर एका मुलाचं खोलीभाडं आणि जेवण वर्षभर निघू शकतं. जयंतीच्या डीजेला आपण न मागता वर्गणी देतोच. सोबत एवढं करता येईल: मुंबई-पुण्यात खोली असेल तर एक गादी टाकायची, आणि आपल्या माणसाचा चित्रपट पहिल्याच आठवड्यात तिकीट काढून बघायचा. थिएटरवाला पहिल्या आठवड्याची गर्दी बघूनच शो ठेवतो किंवा काढतो.

मागच्या महिन्यात मी त्या ज्युनिअरला फोन केला. तो नेटचा अभ्यास करतो आणि मित्राच्या मोबाईलवर आईच्या खुरपणीच्या टोळीचं शूटिंग करतो. मी म्हणाले, "नेट दे. पण पुढच्या वर्षाच्या खोलीभाड्याचं आम्ही बघतो." तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "ताई, घरी काय सांगू?"

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. वर्गणीत सध्या आम्ही सात जण आहोत. अजून तिघे हवेत.